मेजर, मायनर आणि खाजनाचा बांध

बारावीचा निकाल लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा ओघ वाढतो. या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार एकाच प्रश्नाभोवती फिरणारी आहेत: पदवीच्या तीन-चार वर्षांत एका विषयात किती खोल शिरायचं आणि शेजारच्या विषयांत किती हिंडायचं? म्हणून ती एकत्र घेतली आहेत. मी आयुष्यभर फोंडा तालुक्यात वनस्पतिशास्त्र शिकवलं. साहजिकच माझी उदाहरणं चिखलातली आणि झाडापेडांतली असतील.

प्रश्न: माझी मुलगी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मेजर (मुख्य विषय) केमिस्ट्री. मी स्वतः केमिस्ट्रीचाच पदवीधर. शेवटच्या वर्षी आम्ही सकाळ-संध्याकाळ केमिस्ट्रीच करत होतो. हिच्या वेळापत्रकात केमिस्ट्रीशिवाय मायनर (जोडविषय) म्हणून बॉटनी, मग एक मल्टिडिसिप्लिनरी, म्हणजे दुसऱ्या शाखेतला पेपर, संवादकौशल्य, पर्यावरण, असं सगळं थोडं थोडं. शेवटी हिला नक्की काय येणार? पुण्याला पाठवली असती तर बरं झालं असतं का? – एक वडील, वाळपई

तुमची काळजी मला पूर्ण समजते. काळ बदलला एवढं सांगून ती मिटणार नाही, म्हणून आधी हिशोब पाहू. यूजीसीनं डिसेंबर 2022मध्ये पदवी अभ्यासक्रमाचा जो आराखडा काढला, त्यात तीन वर्षांची पदवी किमान 120 क्रेडिटची आहे. त्यातली 60 मेजरची, 24 मायनरची, 9 मल्टिडिसिप्लिनरी पेपरांची. उरलेल्यांत भाषा, कौशल्य, मूल्यशिक्षण आणि इंटर्नशिप. एक क्रेडिट म्हणजे सत्रभरात 15 तास थिअरी किंवा 30 तास प्रॅक्टिकल. मेजरची सगळी क्रेडिट थिअरीची धरली तरी 900 तास होतात; प्रॅक्टिकलमुळे ते बरेच वाढतात. हा आराखडा देशभराचा आहे. पुण्याला गेली असती तरी मेजर-मायनरची साधारण अशीच वाटणी तिच्या वाट्याला आली असती.

जगात याची उत्तरं वेगवेगळी दिली गेली आहेत. इंग्लंडमध्ये बहुतेक विद्यार्थी तीन वर्षं एकच विषय करतात. शेजारच्या स्कॉटलंडमध्ये पदवी चार वर्षांची असते आणि सुरुवातीच्या वर्षांत दोन-तीन विषय बरोबर चालतात. दोन्हीकडून उत्तम रसायनशास्त्रज्ञ निघाले. तेव्हा 900 तासांत विषय येतो की नाही हे त्या तासांत काय घडतं त्यावर ठरतं, आणि ते तुम्ही घरबसल्या तपासू शकता. तुम्ही केमिस्ट्रीचेच आहात, मग तर सोपंच.

तिला पाण्याची कठीणता मोजायचं ईडीटीएचं टायट्रेशन विचारा. कृती विचारू नका, ती तिला पाठ असेल. अमोनिया बफर घालून पीएच 10 का राखायचा, ते विचारा. पीएच फार वाढला तर मॅग्नेशियमचं काय होईल? पाण्यात लोह असेल तर रंगबदल कसा फसवेल? तिच्या गटाचं आणि शेजारच्या गटाचं उत्तर वेगळं आलं तर कुणाचं धरायचं, आणि कशावरून? या प्रश्नांवर ती थांबली, विचार करू लागली, वहीत काहीतरी काढू लागली, तर विषय तिच्यात उतरतो आहे असं समजा. उत्तर चुकलं तरी चालेल. "सरांनी असंच सांगितलं" एवढंच आलं, तर मात्र बॉटनीचे तास काढून तिथे केमिस्ट्रीचे घातले तरी फरक पडणार नाही. स्वतःच्या उत्तरावर स्वतः शंका घेता येणं, आणि ती शंका फेडायची रीत ठाऊक असणं, ही माझी खोलवर शिकल्याची कसोटी आहे. आमच्या काळच्या वेळापत्रकात एकाच विषयाचे आठ-आठ पेपर असूनही कितीतरी मुलं या कसोटीला न उतरता पदवीधर झाली, हे तुम्हीही पाहिलं असेल.

आता दुसरी बाजू. माशेलच्या खालच्या अंगाला कुंभारजुवे कालवा आहे, मांडवी आणि जुवारीला जोडणारा. त्याच्या काठची खाजनं, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेतं, मी वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांना दाखवत आले. तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीनं प्रकल्पासाठी तिथलं पडीक खाजन घेतलं. प्रश्न साधा: इथं आता भात का होत नाही? तिनं फार नेटानं काम केलं. भरतीच्या वेळी आणि ओहोटीच्या वेळी वेगवेगळे नमुने घेतले, पाण्याची क्षारता रिफ्रॅक्टोमीटरनं मोजली, मातीची प्रयोगशाळेत आणून. पाऊस पडण्यापूर्वी, भर पावसात आणि पावसानंतर. पलीकडचं पिकतं शेत तुलनेला धरलं. खारफुटीची रोपं कुठवर आत आली आहेत त्याचा नकाशा काढला. पावसाळ्यात शेतातलं मीठ धुऊन जायला हवं, कोरगुटासारखं खारं सोसणारं भात त्यावरच जगतं. पण इथं पाऊस संपला तरी क्षार हटत नव्हता, आणि तो मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाणदाराच्या, बाजूला सगळ्यांत जास्त होता. मानशीची लाकडी दारं भरतीच्या दाबानं आपोआप मिटतात आणि ओहोटीला उघडून शेतातलं पाणी बाहेर सोडतात. इथली दारं कुजली होती. एक म्हातारे शेतकरी तिला पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "मानशीचें दार मोडलें म्हणजे शेत गेलें." तिनं ते मोजून सिद्ध केलं.

वनस्पतिशास्त्र तिथे संपलं, पण तिचा प्रश्न संपला नव्हता. दार मोडलं तर दुरुस्त का झालं नाही? इथून पुढे तिला जे लागलं ते माझ्या विषयात नव्हतं. बांध आणि मानशी पूर्वी गावकरी सांभाळत असे, पोर्तुगीज काळात जिला कोमुनिदाद म्हणू लागले ती संस्था. 1964च्या कुळ कायद्यानंतर जमिनीवरचे हक्क बदलले आणि बांधांची जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे आली. मानशीतल्या मासळीची पावणी, म्हणजे लिलाव, होते, तिचा पैसा मोठा असतो, आणि मासळीला खारं पाणी आत आलेलं हवं असतं, जे भाताला नको असतं. खारफुटी एकदा वाढली की ती तोडायला कायद्याची आडकाठी. म्हणजे इतिहास, कायदा, अर्थशास्त्र. ती मुलगी आपणहून कॉमर्सच्या सरांकडे गेली, कुळ कायद्याची प्रत शोधली, आईच्या मावशीकडून जुन्या पावणीच्या गोष्टी लिहून आणल्या. तिला कुणी क्रेडिट दिलं नव्हतं.

त्याच वर्षी दुसऱ्या एका गटानं 'खाजनांचे पर्यावरणीय, सामाजिक व आर्थिक पैलू' असा प्रकल्प दिला. सहा विषयांतली सहा प्रकरणं, सुबक बांधणी, चित्रंही छान. त्यात एकही गोष्ट त्यांनी स्वतः मोजलेली वा शोधलेली नव्हती. पहिल्या मुलीला हाताशी पक्कं काहीतरी होतं, म्हणून दुसऱ्या विषयांकडे जाताना तिला काय विचारायचं ते ठाऊक होतं. दुसऱ्या गटाकडे विचारायलाच काही नव्हतं.

म्हणून तुमच्या मुलीच्या बॉटनीला अडथळा समजू नका. केमिस्ट्री आणि बॉटनी ही जोडी सत्तरी तालुक्यात राहणाऱ्या मुलीला सोन्यासारखी आहे: मातीतली आम्लता, काजूच्या टरफलातलं तेल, खाणींच्या परिसरातल्या शेतातली लोहाची माती. तिला एकच विचारा: बॉटनीत असं काय भेटलं ज्याचं उत्तर केमिस्ट्रीत आहे? एक जरी गोष्ट तिला सांगता आली तर ते 24 क्रेडिट कामी आले. मल्टिडिसिप्लिनरी पेपरांबद्दल माझंही मत तुमच्यासारखंच आहे. तीन सत्रांत तीन दिशांचे तीन पेपर ही या आराखड्यातली सगळ्यांत कच्ची जागा आहे, आणि कॉलेजं शिक्षकांच्या उपलब्धतेवर ते पेपर ठरवतात तेव्हा ती आणखी कच्ची होते. पालकसभेत हे बोला. तीन पेपर एकमेकांना धरून असावेत, एवढी मागणी कुठलंही कॉलेज पुरी करू शकतं.

प्रश्न: मी बीए इतिहासाला प्रवेश घेतला आहे. मायनर निवडायचा आहे. मला कॉम्प्युटर आवडतो. सगळे म्हणतात, इतिहासाला पॉलिटिकल सायन्सच शोभतं. मैत्रिणी जिथे लेक्चर लवकर सुटतं तो विषय घेत आहेत. मी काय करू? – एक विद्यार्थिनी, साखळी

मैत्रिणींचं कारण बाजूला ठेव. कदंबा बस चुकू नये म्हणून निवडलेला विषय तीन वर्षं सोबत ठेवावा लागतो.

तुझ्याआधी याच मातीतल्या एकानं असा मेळ घातला होता, त्याच्याबद्दल सांगते. दामोदर धर्मानंद कोसंबी. जन्म 1907, गोव्यातलं कोसबें गाव. वडील धर्मानंद हे पाली आणि बौद्ध वाङ्मयाचे मोठे पंडित, मूळचे सांखवाळचे. मुलगा त्यांच्याबरोबर अमेरिकेला गेला आणि 1929मध्ये हार्वर्डमधून पदवीधर झाला. व्यवसायानं गणिती: बनारस, अलीगढ, पुण्याचं फर्ग्युसन आणि मग मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था. मी तिसऱ्या वर्षाला जनुकशास्त्र शिकवताना फळ्यावर कोसंबींचं सूत्र लिहायची. गुणसूत्रावरच्या दोन जनुकांमधलं अंतर पुनर्संयोगाच्या प्रमाणावरून काढायचं ते सूत्र आहे, 1944 सालचं, आणि पिकांचे जनुकीय नकाशे काढणारे आजही ते वापरतात. त्याआधीच्या हॉल्डेनच्या सूत्रात एका ठिकाणच्या अदलाबदलीचा शेजारच्या अदलाबदलीवर परिणाम होत नाही असं धरलेलं होतं; कोसंबींनी तो परिणाम हिशोबात घेतला. मुलं सूत्र उतरवून घेत. हे कोसंबी कोण, असं मी विचारलं की वर्ग गप्प असे. इतिहासाच्या वर्गात हेच नाव येतं हे त्यांच्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असायचं.

तुला उपयोगी पडेल तो भाग पुढे आहे. प्राचीन भारताची चांदीची आहत नाणी, ज्यांच्यावर राजाचं नाव नसतं, नुसत्या खुणा असतात, ती कोसंबींनी हजारोंनी तोलली. नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं. जितकं जास्त फिरलं तितकं सरासरी वजन कमी, आणि वजनांतला फरकही जास्त. हे संख्याशास्त्रानं तपासून कुठल्या खुणांची नाणी आधीची आणि कुठली नंतरची याचा क्रम त्यांनी लावला. जिथे लेखी पुरावा बोलत नव्हता तिथे तराजू बोलला. याच माणसानं भर्तृहरीच्या सुभाषितांची शेकडो हस्तलिखितं ताडून 1948मध्ये चिकित्सक आवृत्ती काढली, आणि 1956मध्ये भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची ओळख करून देणारा त्यांचा ग्रंथ आला. त्यांच्या नावानं पणजीत विचारमहोत्सव भरतो आणि गोवा विद्यापीठात एक अध्यासनही आहे.

ते शिकत होते तेव्हाचं हार्वर्डही पाहण्यासारखं होतं. तिथे एलियट नावाचे अध्यक्ष 1869पासून चाळीस वर्षं होते आणि त्यांनी विद्यार्थ्यांना विषय निवडायची जवळजवळ पूर्ण मोकळीक दिली. झालं असं की पुष्कळ मुलं निरनिराळ्या विषयांचे सोपे सोपे, सुरुवातीचे पेपर गोळा करून पदवी घेऊ लागली. 1909मध्ये लॉवेल अध्यक्ष झाले. त्यांनी ठरवलं की प्रत्येकानं काही पेपर एकाच क्षेत्रात केंद्रित करायचे आणि बाकीचे दूरच्या क्षेत्रांत वाटायचे. सगळ्यातलं थोडं आणि एक काहीतरी नीट यावं, असं त्यांचं म्हणणं. तुझ्या हातातल्या मेजर-मायनरच्या तक्त्यामागे हाच जुना विचार आहे. तुझ्या मैत्रिणी जे करताहेत तेही तितकंच जुनं आहे.

कॉम्प्युटर घेऊ का, याचं उत्तर: हो, पण मोजण्याजोगं काही इतिहासात सापडवून दाखवशील तर. साखळीत राहतेस, आजूबाजूला डिचोलीच्या खाणी आहेत. 2012मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं खाणकाम थांबलं, त्याआधीच्या अर्धशतकात किती खनिज गेलं, कुठल्या बार्जेसनी, कुठल्या गावांची लोकसंख्या कशी बदलली, हे मोजायचं असेल तर कॉम्प्युटरसारखा सोबती नाही. गावकरीच्या जुन्या नोंदी वाचायच्या असतील तर तुला पोर्तुगीज किंवा मोडी लागेल, आणि तिथे मी कॉम्प्युटर बाजूला ठेवून भाषा घ्यायला सांगेन. पणजीच्या पुराभिलेख खात्यात मोडीतले कागद आहेत, आणि ते वाचू शकणारी तरुण माणसं फार थोडी. मला विचारशील तर मी मोडीकडे झुकते.

निवडण्याआधी एक कर. पणजीत पाट्टोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जा आणि मनातल्या मायनरचं तिसऱ्या वर्षाचं पुस्तक काढ. पहिल्या वर्षाची पुस्तकं सगळीच गोड असतात. तिसऱ्या वर्षाच्या पुस्तकातली चार पानं कळली नाहीत तरी पुढे वाचावंसं वाटलं, तर तो विषय घे. आणि आवड बदलली तर घाबरू नकोस, पहिल्या वर्षाच्या शेवटी मेजर बदलण्याचीही सोय आराखड्यात आहे.

प्रश्न: सहा सत्रांचा माझा सीजीपीए 7.2 आहे. चौथं वर्ष करावं की तीन वर्षांवर थांबून एमए करावं? – एक विद्यार्थी, मडगाव

चौथ्या वर्षाचे दोन प्रकार आहेत. 'ऑनर्स विथ रिसर्च'साठी पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के किंवा 7.5 लागतात, त्यात 12 क्रेडिटचा संशोधन प्रकल्प असतो. तुम्हाला साधं ऑनर्स करता येईल, जिथे त्या 12 क्रेडिटऐवजी आणखी पेपर असतात. दोन्हीत एकूण क्रेडिट 160. चार वर्षांनंतर एमए एका वर्षाचं होऊ शकतं, तीन वर्षांनंतर दोन. म्हणजे वर्षं तेवढीच.

तुमच्या कॉलेजात चौथ्या वर्षाचे पेपर शिकवायला त्या त्या शाखेचा माणूस आहे का, ते आधी बघा. नसेल तर सरळ ताळगावच्या पठारावर विद्यापीठात दोन वर्षांच्या एमएला जा. तिथलं ग्रंथालय आणि पाहुण्या प्राध्यापकांची व्याख्यानं एवढ्यासाठीही ते सार्थक होईल.

प्रश्न: मी एका कॉलेजात लेक्चर बेसिसवर (तासिका तत्त्वावर) बॉटनी शिकवते. यंदा मला कॉमर्स आणि आर्ट्सच्या मुलांना तीन क्रेडिटचा मल्टिडिसिप्लिनरी पेपर दिला आहे. मुलं मागच्या बाकांवर मोबाईल बघत बसतात. वर्गातल्या एकीनं तोंडावर विचारलं, "मिस, याचा आम्हाला काय उपयोग?" बीएस्सीच्या अभ्यासक्रमाचा सोपा सारांश शिकवते आहे. काय बदलू? – एक शिक्षिका, बार्देश

त्या मुलीनं बरोबर विचारलं. तो सारांश टाकून द्या, अगदी पुढच्या तासापासून.

सारांशात आमच्या विषयाचे निष्कर्ष येतात: पेशीचे भाग, प्रकाशसंश्लेषणाच्या पायऱ्या, वर्गीकरणाची नावं. बी.कॉम.ची मुलगी ते परीक्षेला लिहील आणि विसरेल, आणि विसरली तरी तिचं काही बिघडणार नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ एखादी गोष्ट खरी कशावरून मानतो, हे मात्र तिला दुसरीकडे कुठे शिकायला मिळणार नाही. तिला तिच्या ऑडिटच्या तासाला व्हाउचर तपासायला शिकवतात. आमच्याकडेही पुरावा तपासतात, पण वेगळ्या तऱ्हेनं. तीन क्रेडिट म्हणजे 45 तास. एवढ्या वेळात एक प्रश्न शेवटपर्यंत नेता येतो.

मी असा वर्ग घेतला तर म्हापशाचा शुक्रवारचा बाजार घेईन. तुम्ही बार्देशातच आहात. प्रत्येक मुलानं बाजारातून एक वस्तू उचलायची आणि सत्रभर एकच प्रश्न धरून बसायचं: ही मूळची कुठली? कोकम आणि फणस सह्याद्रीच्या कुशीतले. काजू ब्राझीलचा, पोर्तुगिजांनी आणलेला. मिरची, अननस, पपई, रताळं, बटाटा ही सगळी अमेरिकेतून आलेली. एवढं सांगून टाकलं तर दहा मिनिटांत विषय संपतो, म्हणून सांगू नका. त्यांना म्हणा, मिरची इथली नाही हे मला सिद्ध करून दाखवा. कुठलीही आजी शपथेवर सांगेल की मिरची कायम होती.

मग पुरावे येऊ लागतील. मिरचीच्या जंगली जाती कुठे उगवतात? अमेरिकेत. उत्खननांत तिचे जुने अवशेष कुठे मिळतात? तिकडेच. जुन्या संस्कृत आणि मराठी ग्रंथांत तिखटासाठी काय येतं? मिरी, पिंपळी, आलं. इथे तुमच्या आर्ट्सच्या मुलांना काम मिळालं. मराठीच्या सरांना विचारून त्यांनी जुन्या ग्रंथांतले पदार्थ शोधून आणावेत. एकोणिसाव्या शतकात आल्फोन्स द कांदोल यांनी पिकांच्या मूळ स्थानांचा शोध असाच घेतला: वनस्पतींचं वितरण, उत्खनन, इतिहास आणि भाषा असे चार साक्षीदार एकमेकांसमोर उभे करून. पुढे रशियाच्या वाविलोव्ह यांनी म्हटलं की ज्या प्रदेशात एखाद्या पिकाची विविधता सर्वांत जास्त, तो त्याच्या मुळाचा प्रदेश असण्याची शक्यता मोठी. मुलांना हे तपासू द्या. आणि मग नारळ पुढे ठेवा, जो समुद्रावर तरंगत जाऊन दूरच्या किनाऱ्यावर रुजतो. तिथे 'मूळचा कुठला' हा प्रश्नच अवघड होतो, आणि मुलांना कळतं की पुरावा प्रत्येक वेळी सरळ उत्तर देत नाही. तो तास मोलाचा असेल.

कॉमर्सच्या मुलांकडून घेण्यासारखंही पुष्कळ आहे. गावठी भाजीचा भाव कर्नाटकातून येणाऱ्या भाजीहून जास्त का, हे त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं विचारता येतं. जुन्या गोव्याच्या आयसीएआर या कृषी संशोधन संस्थेनं कोरगुटातून निवड करून खाजनांसाठी 'गोवा धान' नावाचे वाण काढले. ते शेतकऱ्याला परवडतात का, याचा हिशोब एखाद्या बी.कॉम.च्या गटाला करायला द्या. त्यासाठी आधी त्यांना क्षार म्हणजे काय, मूळ पाणी कसं घेतं हे शिकावं लागेल, आणि ते शिकतील, कारण आता गरज त्यांची आहे. पेशीचं आवरण आणि परासरण तेव्हा शिकवा. सारांशात जे मेलेलं होतं ते इथे जिवंत होईल.

गुणांचं म्हणाल तर आयएसए, म्हणजे सत्रांतर्गत चाचणी, तुमच्या हातात असते. एक आयएसए लेखी ठेवा, दुसरी या शोधाची. मुलानं तीन वेगळ्या प्रकारचे पुरावे आणावेत, आणि शेवटी एक वाक्य लिहावं: काय सापडलं तर माझं उत्तर चुकीचं ठरेल? या वाक्याला सगळ्यांत जास्त गुण द्या. सत्रान्त परीक्षेचा पेपर ठराविक घाटाचाच निघेल, त्यासाठी शेवटचे आठ-दहा तास राखून ठेवा. मुलांचं नुकसान व्हायला नको.

लेक्चर बेसिसवर असताना असं काही करायला धीर लागतो, हे मला माहीत आहे. विभागप्रमुखांना आधी लेखी आराखडा द्या, म्हणजे मध्येच कुणी बोट ठेवणार नाही. बाजारात जायचा शुक्रवार ठरला की सकाळी लवकर जा, दहानंतर गर्दीत बायकांना मुलांशी बोलायला सवड नसते. मुलांनी काय काय उचललं त्याची यादी मला पाठवा. कुणी तांबडी भाजी (लाल माठ) घेतली तर विशेष कळवा. तिच्या मुळाचा प्रश्न मिरचीइतका सरळ नाही, आणि त्याबद्दल मला तुमच्या वर्गाकडून ऐकायला आवडेल.